मुंबईची कारंजी : एका दिवसाची पायपीट
(गणेशोत्सवातील सायंकाळच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनियर. पूल, गटारे आणि फलाटावरचे नळ यांतच नोकरी चालली आहे. पण कार्यवाहांनी आग्रह धरला, म्हणून उभा आहे.

गेल्या हिवाळ्यात कामानिमित्त मुंबईला जाणे झाले. बरोबर मुलगा होता, पंधरा वर्षांचा. एक दिवस मोकळा मिळाला, तेव्हा जुनी कारंजी आणि पाणपोया पायी बघायचे ठरवले. "बाबा, कारंजी काय बघायची?" चिरंजीवांची कुरकुर सुरू झाली.

सुरुवात मशीद बंदरला केली. तिथे भात बाजारात केशवजी नाईक यांचे १८७६ सालचे कारंजे आहे, वर घड्याळाचा मनोरा. मुलाला सांगितले, मुंबईत नळाचे पाणी आले ते १८६० साली, विहार तलावातून. त्याआधी सगळी भिस्त विहिरी आणि तळ्यांवर. नळ आले तशा दानशूर लोकांनी रस्तोरस्ती पाणपोया बांधल्या. एकट्या कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी चाळीस दिल्या.

तिथून दक्षिणेकडे चालत जीपीओजवळच्या मूळजी जेठा कारंज्यापाशी आलो. याचा आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा. आपली व्ही. टी., म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, बांधणारे तेच! रेल्वेवाल्याला हे तीर्थक्षेत्रच. शिखरावर पुस्तक वाचणारा एक मुलगा आहे. कापसाचे व्यापारी रतनसी मूळजी यांचा एकुलता एक मुलगा धरमसी पंधराव्या वर्षी वारला. त्याच्या आठवणीसाठी बापाने १८९४ साली ही पाणपोई बांधली.

"म्हणजे माझ्याएवढा?" मुलाने विचारले. मला लगेच उत्तर देता आले नाही. नकळत त्याच्या खांद्यावर हात गेला. त्यानंतर त्याने कुरकुर केली नाही.

पुढे सेंट थॉमस कथीड्रलसमोरचे कावसजींचे कारंजे, हुतात्मा चौकातले १८६४ सालचे फ्लोरा फाउंटन आणि शेवटी रीगलजवळचे १८६५ सालचे वेलिंग्टन कारंजे पाहिले. संध्याकाळी पाय बोलत होते. हातात मात्र विकत घेतलेली पाण्याची बाटली होती, याची लाज वाटली.

मित्रहो, यंदा सजावटीत रंगीत दिव्यांचे कारंजे करावे अशी सूचना आली आहे. माझी नम्र विनंती, त्याच पैशात मंडळाच्या फाटकाबाहेर एक नळ बसवू. रिक्षावाले, भाजीवाल्या, शाळेची मुले पाणी पितील, दहा दिवस नव्हे, बारा महिने. बांधणे एकदाच असते, देखभाल रोजची. टाकी धुणे, तोटी बदलणे, सांडपाण्याची नाली साफ ठेवणे, हे काम माझ्याकडे आणि माझ्या मुलाकडे द्या. तो आपणहून तयार झाला आहे.

गणपती बाप्पा मोरया!