निवृत्ती कोणाची?



आज समोर पिकली पानं जास्त दिसतात, म्हणून आपलं आपल्यातलं बोलतो. नोकरी संपली की शाल, नारळ, हार मिळतो आणि माणूस सेवानिवृत्त होतो. निवृत्ती हा शब्द तर आपल्या घरातला. ज्ञानोबारायांचे थोरले बंधू आणि गुरू ते निवृत्तिनाथ. त्र्यंबकेश्वरी त्यांची समाधी. ती निवृत्ती आणि आपली निवृत्ती एक का? आपली नुसती सेवा सुटते, वृत्ती सुटत नाही. संध्याकाळी पारावर बसतो, वर पिंपळ सळसळतो, गुरं घराकडं परततात, आणि हा मनात म्हणतो, पेन्शनचा फरक कधी जमा व्हायचा!

म्हणून सांगतो, बसायचं तर नीट बसा. तिन्हीसांजेला झोपू नये, असं आपल्या आया सांगायच्या. ती वेळ दिवसाची नाही, रात्रीची नाही, देवाची आहे. उन्हं उतरतात, तुळशीपाशी दिवा लागतो, वारा पडतो. तेव्हा हिशेब काढू नका. श्वास चाललाय, त्याला नाम जोडा. बास.

आता माझीच गोष्ट. ४० वर्षं गावोगाव उभा राहिलो. गळा बसायला लागला, डॉक्टर म्हणाले विश्रांती घ्या. रात्रीची कीर्तनं कमी केली, अंगणात खुर्ची टाकून बसू लागलो. फार सुख वाटलं हो! एके दिवशी आत हाक मारली, "अगं, ये जरा. आभाळ बघ कसं रंगलंय." आतून उत्तर आलं, "तुम्ही बघा. माझं दूध उतू जाईल. मला कुठली आलीय निवृत्ती?"

माउली, एवढं निरूपण मला कुणी केलं नव्हतं. ४० वर्षं लोकांना उपदेश केला, आणि माझ्या अंगणात खुर्ची एकच होती.

तेव्हा जिजाई आठवली. तुकोबाराय एकांतासाठी भंडाऱ्याच्या डोंगरावर बसत. त्यांच्या वैराग्याला आपण नावं ठेवायची नाहीत. दुष्काळात थोरली बायको गेली, मूल गेलं, त्या आगीतून ते निघाले होते. पण भाकरी घेऊन डोंगर कोण चढायचं? जिजाई. भर उन्हात, अनवाणी. एकदा तिच्या पायात काटा रुतला, आणि तो काढायला प्रत्यक्ष पांडुरंग आला, अशी कथा परंपरेनं चालत आली आहे. ती तर देवाला बोल लावणारी! तरी देव धावला. का? भक्ताच्या एकांताचं ओझं जी डोक्यावर वाहते, तिचा पाय देवाला दुखतो.

तुमच्या विश्रांतीची भाकरी कोण वाहतंय, एवढं बघा. बायको असेल, सून असेल.

आता आमच्या अंगणात दोन खुर्च्या आहेत. भाजीची परात बाहेर येते. ती मेथी निवडते, मीही निवडतो. माझ्या निवडलेल्यात काड्या राहतात, ती पुन्हा निवडते. बोलणं फारसं होत नाही. दिवा लागतो, दोघं हात जोडतो. माउली, एकट्यानं बसलो तेव्हा आराम होता. आता समाधान आहे.

उद्या संध्याकाळी एवढंच करा. खुर्ची टाकाल, ती एक टाकू नका.

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!