यादीबाहेरचा वर्ग

(आपल्या १९९६च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात डिसेंबर २०२४ मध्ये केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'परदेशातील विद्यापीठीय अभ्यासक्रम आणि आपली मुलं'. वेळ दिला आहे पंधरा मिनिटांचा. शाळेत असताना मला वर्गात कधी कुणी पंधरा मिनिटं बोलू दिलं नव्हतं, त्यामुळे आज मी सगळा वेळ वापरणार आहे. जेवणाचा वास येतोय, पण थोडी कळ काढा.

हा विषय मला का दिला ते सांगते. गेल्या वर्षभरात आपल्या ग्रुपमधल्या तिघांनी मला फोन केले. तिघांचीही मुलं बारावीत किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. प्रश्न एकच होता : "जर्मनीत शिक्षण फुकट असतं ना गं? मग कुठला कोर्स घ्यावा?" मी प्रत्येकाला काही ना काही सांगितलं, पण खरं उत्तर टाळलं. ते आज इथे देते, कारण ते ऐकायचा हक्क सगळ्यात आधी या शाळेचा आहे.

मी २००५ साली जर्मनीला गेले. त्याआधी इंजिनिअरिंग आणि तीन वर्षांची नोकरी झाली होती. आमचे आप्पा एसटीत कंडक्टर होते, हे तुम्हाला माहीत आहेच. पालकसभेला ते ड्युटीवरून थेट खाकी कपड्यांत यायचे आणि शेवटच्या बाकावर बसायचे. माझी साठवलेली रक्कम पुरेना, तेव्हा त्यांनी पतपेढीचं कर्ज काढलं आणि निवृत्तीच्या पैशांतलाही वाटा घातला. तेव्हा एक युरो पंचावन्न रुपयांच्या आसपास होता. मला जिथे प्रवेश मिळाला त्या सरकारी विद्यापीठात फी नव्हती, फक्त सत्राला शंभर-दीडशे युरोंची वर्गणी. पण राहायला आणि खायला लागतंच. ते पैसे आप्पांचे होते.

अभ्यासक्रम कसा निवडला? नावावरून. इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची यादी समोर होती. त्यात 'कम्युनिकेशन इंजिनिअरिंग' दिसलं. भारतात तेव्हा मोबाइलची लाट होती. नाव झकास वाटलं, अर्ज केला.

तिथे प्रत्येक अभ्यासक्रमाची एक विषयपुस्तिका असते, 'मोडूलहांडबुख'. प्रत्येक विषयाला एक-दोन पानं. विषय किती श्रेयांकांचा, परीक्षा लेखी की तोंडी, आणि आधी काय येत असलं पाहिजे. युरोपात वर्षाला साठ श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे पंचवीस ते तीस तासांचं काम धरलेलं असतं. हे सगळं छापलेलं होतं. मी ते वाचलं, पण 'आधी काय येत असलं पाहिजे' हा रकाना सोडून. तिथे लिहिलं होतं : संभाव्यता आणि यादृच्छिक प्रक्रिया. मला वाटलं, बी.ई.ला हा विषय होता, त्यात अडुसष्ट मार्क होते, झालं की!

आता सरांसमोर कबूल करते. ते अडुसष्ट मार्क मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाठ करून आले होते.

पहिली परीक्षा फेब्रुवारी २००६ मध्ये झाली. चार उदाहरणं होती. सोबत हाताने लिहिलेला सूत्रांचा एक कागद न्यायची परवानगी होती. मी तो दोन्ही बाजूंनी मुंगीच्या अक्षरात भरून नेला होता. त्यावर सगळं होतं. फक्त सुरुवात कुठून करायची ते नव्हतं. तिथे एक हा सर्वोत्तम गुण, चार म्हणजे काठावर पास आणि पाच म्हणजे नापास. मला पाच मिळाला.

मनात म्हटलं, ठीक आहे, एटीकेटी समजू. ऑगस्टमध्ये पुन्हा बसले. पुन्हा पाच.

मग परीक्षेची नियमावली नीट वाचली. आपल्याकडे एटीकेटीवर एटीकेटी घेत माणूस कधीतरी पास होतो. तिथे बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच संधी असतात. सक्तीचा विषय तिसऱ्यांदा गेला, तर त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होतं. आणि मग तोच अभ्यासक्रम दुसऱ्या जर्मन विद्यापीठातही करता येत नाही. नाव कमी झालं की विद्यार्थी म्हणून मिळालेला राहण्याचा परवानाही धोक्यात. माझा हा विषय सक्तीचा होता. म्हणजे फेब्रुवारी २००७ मधल्या एका सकाळवर सगळं येऊन ठेपलं होतं.

घरी कुणाला सांगितलं नाही. दर रविवारी फोनवर आप्पा विचारायचे, "अभ्यास काय म्हणतोय?" मी म्हणायचे, "चांगला चाललाय." संध्याकाळी विद्यापीठाच्या खाणावळीत, म्हणजे 'मेन्सा'त, ताटं विसळायचे आणि एकच हिशेब करायचे : परत जावं लागलं तर कर्जाचा हप्ता किती बसेल.

ऑक्टोबरमध्ये मी प्राध्यापकांना भेटायला गेले. तिथे प्राध्यापकांची भेटीची वेळ ठरलेली असते. मी रडायच्या बेतात होते, पण ते शांतपणे माझा पेपर काढून पाहत बसले. मग म्हणाले, तुम्हाला सूत्रं येतात, पण ती आली कुठून ते माहीत नाही. आमची मुलं हे दुसऱ्या वर्षाला शिकतात. मंगळवारी आणि गुरुवारी तो तास असतो. जाऊन बसा.

मी म्हटलं, पण तो तास माझ्या अभ्यासक्रमाच्या यादीत नाही. आणि तो जर्मनमध्ये आहे.

ते म्हणाले, तुम्ही या विद्यापीठाच्या विद्यार्थिनी आहात ना? मग जा.

मित्रांनो, त्या वाक्यापर्यंत मला हे कळलंच नव्हतं. माझ्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे इंग्रजीतल्या वीस-बावीस विषयांची यादी. प्रत्यक्षात दर सत्राला पूर्ण विद्यापीठाचं तासांचं एक मोठं सूचिपत्र निघायचं. त्यात शेकडो तास असायचे, आणि बहुतेक व्याख्यानांना नोंद झालेला कुणीही विद्यार्थी जाऊन बसला तर कुणी अडवत नव्हतं. श्रेयांक मिळणार नाहीत, पण ज्ञान मिळायला कुणाची ना नव्हती. दार वर्षभर उघडंच होतं. मीच भाषेच्या भीतीने त्या गल्लीत गेले नव्हते.

पहिल्या मंगळवारी वेळापत्रकात दहा वाजता लिहिलं होतं, म्हणून मी दहाला पाच कमी असतानाच हजर. सभागृह रिकामं. मला वाटलं, इथेही चुकलो. नंतर कळलं, तिथे दहाचा तास सव्वादहाला सुरू होतो. त्याला म्हणतात 'विद्यापीठाची पंधरा मिनिटं'. आपल्या शाळेत पाच मिनिटं उशीर झाला की मैदानाला फेऱ्या! मग दोनशे मुलं आली, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. तास संपल्यावर टाळ्या न वाजवता सगळ्यांनी बोटांनी बाक ठोकले. मी दचकले. आपल्याकडे बाक वाजवला की हातावर छडी मिळायची.

पहिले तीन आठवडे मला निम्मंच कळायचं. पण फळ्यावरचं गणित सगळ्या भाषांत सारखंच असतं. आणि तिथे मला आपले गणिताचे सर आठवले. सर, तुम्ही आज समोर बसला आहात. तुम्ही आमचं उत्तर कधी आधी बघायचा नाहीत. म्हणायचात, "पायऱ्या दाखव. पायरी गाळलीस तर घसरशील." मी दहावीपर्यंत पायऱ्या लिहिल्या आणि त्यानंतर मार्कांच्या नादात सोडून दिल्या. सव्वीसाव्या वर्षी, परक्या भाषेत, फाशाच्या आणि रंगीत चेंडूंच्या उदाहरणांपासून मी पुन्हा पायऱ्या लिहायला लागले. नोव्हेंबरमध्ये उदाहरणं सोडवून घेण्याच्या तासाला मोडक्या जर्मनमध्ये पहिला प्रश्न विचारला. एक मुलगी मागून म्हणाली, मलाही हेच विचारायचं होतं. त्या दिवशी खूप दिवसांनी पोटभर जेवले.

फेब्रुवारीत तिसऱ्यांदा परीक्षेला बसले. या वेळी सूत्रांचा कागद अर्धा कोरा होता. निकाल लागला : तीन पूर्णांक तीन. म्हणजे पास, फार थोर नाही. आप्पांना फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं, "दहापैकी तीन?" मी म्हटलं, "नाही आप्पा, इथे जितका कमी तितका चांगला." दुसऱ्या दिवशी त्यांनी डेपोत पेढे वाटले. आधीच्या दोन पाचांबद्दल मी त्यांना सांगितलं नाही. पुढे पदवी झाली, तिथे नोकरी झाली, कर्ज फिटलं, २०१४ मध्ये मी पुण्याला परतले, तरी सांगितलं नाही. २०१९ मध्ये आप्पा गेले. त्यांना कळलं असतं तर ते रागावले नसते, हे मला आता समजतं. पण तेव्हा शेवटच्या बाकावरचे खाकी कपडे डोळ्यांसमोर यायचे आणि तोंड उघडायचं नाही.

म्हणून ज्यांनी फोन केले होते त्यांना आज पूर्ण उत्तर देते.

पहिलं, 'फुकट' हा शब्द नीट तपासा. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत आजही शिक्षणशुल्क नाही. पण बाडेन-व्युर्टेमबेर्ग या राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने २०२४च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना सत्राला २,००० ते ६,००० युरो लावले आहेत. खाजगी संस्थांची फी तर वेगळीच. आपल्यातल्या एकाच्या मुलाला एजंटने 'जर्मनीत प्रवेश पक्का' म्हणून पत्र आणून दिलं. ते अशाच एका खाजगी संस्थेचं निघालं. नशिबाने पैसे भरण्याआधी त्याने मला ते पत्र पाठवलं. आणि फी नसली तरी व्हिसासाठी एका वर्षाच्या खर्चाची रक्कम बंद खात्यात दाखवावी लागते. ती सध्या ११,९०४ युरो आहे, म्हणजे साडेदहा लाखांच्या पुढे. ते पैसे दरमहा ९९२ युरो या हिशेबाने मुलाला मिळतात. वर्षात १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे, पण परीक्षेच्या महिन्यात काम आणि अभ्यास दोन्ही जमत नाही, हे ताटं विसळलेली बाई सांगते आहे.

दुसरं, कागदपत्रं. मी गेले तेव्हा नव्हतं, पण नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाआधी 'एपीएस' हे पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं. त्याला वेळ जातो, म्हणून लवकर सुरुवात करा. बारावीनंतर लगेच जायचं असेल, तर जेईई अॅडव्हान्स्ड उत्तीर्ण मुलांना तांत्रिक आणि विज्ञान शाखांसाठी थेट अर्ज करता येतो. बारावीवर जाणाऱ्या बाकीच्यांना साधारणपणे आधी 'श्टुडियनकोलेग' नावाचं एक वर्षाचं पूर्वतयारीचं शिक्षण घ्यावं लागतं. संस्था मान्यताप्राप्त आहे का हे 'अनाबिन' या सरकारी सूचीत पाहता येतं, तिथे नावापुढे 'एच प्लस' असलं पाहिजे. आणि अभ्यासक्रम शोधायचे ते 'डाड' या जर्मन सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थेच्या सूचीत. त्याला एजंट लागत नाही. फक्त दोन संध्याकाळी लागतात, आणि त्या मुलानेच घालवायला हव्यात, बापाने नव्हे.

तिसरं, नावावर जाऊ नका. विषयपुस्तिका उघडा आणि मुलाला 'आधी काय येत असलं पाहिजे' हा रकाना मोठ्याने वाचायला लावा. त्यातला एकेक विषय घेऊन विचारा : येतो, की मार्क मिळाले होते? दोन्हींत फरक आहे. मला तो फरक शिकायला एक वर्ष आणि दोन पाच लागले.

चौथं, भाषा. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी जर्मन शिकूनच पाठवा. नुसती नोकरीसाठी नव्हे. भाषा आली की इंग्रजीच्या वीस विषयांच्या जागी पूर्ण विद्यापीठ आपलं होतं.

आणि शेवटचं आपल्यासाठी, आईबापांसाठी. रविवारी फोनवर "अभ्यास काय म्हणतोय?" असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी "चांगला" असंच येतं. विचारा, "या आठवड्यात काय अडलं?" आणि जाण्याआधी एकदा स्पष्ट सांगून ठेवा, "नापास झालास तर आम्हाला पहिल्यांदा सांग. कर्जाचं आम्ही बघू." हे वाक्य माझ्या गाठीशी असतं, तर मी प्राध्यापकांच्या दारात सहा महिने आधी गेले असते.

सर, माझ्या त्या उत्तरपत्रिकेत एकही पायरी गाळलेली नव्हती. एवढंच तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

चला, आता जेवायला जाऊ या.