नवोदय विद्यालयाची प्रवेशपरीक्षा आणि पालकांचे काम

(शहापूर, जिल्हा भंडारा येथे पालकांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मूल चौथीत गेले की आपल्या वस्तीत एकच प्रश्न ऐकू येतो : नवोदयसाठी भंडाऱ्याला कोणती शिकवणी लावावी? ज्यांच्या हाती चार पैसे आले आहेत ते आणखी एक पाऊल पुढे टाकतात आणि मुलाला शहरातील शाळेतच घालतात, म्हणजे शाळाही झाली आणि शिकवणीही झाली. मी वकील आहे, शिक्षक नव्हे. म्हणून या गोष्टीकडे मी प्रथम नियमाच्या अंगाने पाहतो. आणि नियम असे सांगतो की, हे पाऊल टाकणारा बाप मुलाचे हित करण्याच्या भरात मुलाचाच हक्क घालवून बसतो.

नवोदय विद्यालयातील किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत. सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त ८० मुले घेतात, तेव्हा त्यांतील निदान ६० ग्रामीण भागातील असावयास हवीत. ग्रामीण कोणास म्हणावे? ज्याने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील शासकीय वा मान्यताप्राप्त शाळेत पुरी केली, त्यास. या तीन वर्षांत जो एक दिवस जरी शहरी शाळेत शिकला, तो शहरी उमेदवार गणला जातो. ‘एक दिवस’ हे शब्द मी पदरचे घालीत नाही. ते प्रवेशाच्या माहितीपत्रकातलेच आहेत. साठ जागांच्या दारातून उठून वीस जागांच्या दारात, तेही शहरातील सुस्थित घरांच्या मुलांबरोबर, जाऊन उभे राहण्यात कोणते शहाणपण आहे?

दुसरा नियमही तितकाच कडक आहे. मूल ज्या जिल्ह्याचे रहिवासी आहे त्याच जिल्ह्यात ते पाचवी शिकत असले पाहिजे. तेव्हा नागपूरकडे किंवा आणखी कोठे वसतिगृहात ठेवून तयारी करून घ्यावी आणि परीक्षा मात्र भंडाऱ्यातून द्यावी, ही युक्ती चालत नाही. तिसरा नियम असा की, सहावीच्या प्रवेशाची ही परीक्षा एकदाच देता येते. नापास झाला तर पुढल्या वर्षी बघू, असे म्हणण्याची सोय येथे नाही.

एक सावधगिरी शहापूरसारख्या, महामार्गालगत वाढलेल्या गावांसाठी. गावात ग्रामपंचायत आहे एवढ्यावरून आपण ग्रामीण आहोत असे धरून चालू नये. शहरी भाग कोणता, हे २०११ च्या जनगणनेवरून आणि त्यानंतरच्या शासकीय अधिसूचनांवरून ठरते. आणि ग्रामपंचायत असलेली काही मोठी गावे जनगणनेने नगर म्हणून नोंदली आहेत. मूल ज्या शाळेत आहे त्या शाळेची नोंद कोणत्या भागात आहे, हे मुख्याध्यापकांस तिसरीच्या आरंभीच विचारा. पाचवीत विचारून उपयोग नाही.

आता हे विद्यालय आहे तरी काय, ते थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळांस ते केवळ नावाने ठाऊक आहे. १९८५-८६ साली देशात अशी पहिली दोन विद्यालये निघाली; एक हरियाणात झज्जरला आणि दुसरे आपल्या विदर्भात अमरावतीला. जुन्या भंडारा जिल्ह्याचे विद्यालय नवेगावबांधला होते. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते तिकडे गेले, आणि पुढे भंडाऱ्याला स्वतंत्र विद्यालय मिळाले. सहावीपासून बारावीपर्यंत राहणे, जेवण व शिक्षण तेथेच होते. नववीपासून विकास निधी म्हणून जी रक्कम घेतात, तीतून मुली आणि अनुसूचित जाती-जमातींची मुले मुक्त आहेत. एकतृतीयांश जागा मुलींच्या आहेत. मुलीला इतक्या लांब कशी ठेवावी, म्हणून जे घरीच बसतात, त्यांनी निदान ही जागा आपण कोणाला देऊन टाकीत आहो याचा विचार करावा.

परीक्षेस दोन तास वेळ, ८० प्रश्न, १०० गुण. म्हणजे दर प्रश्नास सव्वा गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. मात्र तिन्ही विभागांत वेगवेगळे उत्तीर्ण व्हावे लागते. यांपैकी बुद्धिमत्तेचा विभाग ४० प्रश्नांचा आणि ५० गुणांचा आहे, आणि त्यात केवळ आकृत्या असतात. वेगळी आकृती ओळखा, मालिका पुरी करा, आरशात कशी दिसेल ते सांगा, घडी घालून भोके पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल ते ओळखा. अर्ध्या गुणांना ना इंग्रजी लागते, ना पुस्तकी मराठी! भीमजयंतीपूर्वी ज्या मुलाने वस्तीत बसून निळ्या कागदाच्या घड्या घातल्या, कात्री चालविली आणि पताका उलगडून पाहिल्या, त्याने या परीक्षेचा एक धडा गिरविलाच आहे. फक्त यापुढे कात्री चालविल्यावर कागद उलगडण्यापूर्वी त्याला विचारा, “आत काय निघेल? काढून दाखव.” मग उलगडा. घरातील लहान आरसा घ्या, त्याच्यापुढे अक्षर धरण्याआधी प्रतिमा काढावयास सांगा, मग आरसा धरा. ठिपक्यांची रांगोळी अर्धी आई काढील, उरलेली अर्धी मुलगा काढील. होय, मुलगासुद्धा! आधी अंदाज आणि मग पडताळा, हा क्रम चुकवू नका. शिकवणीवाले पैसे घेऊन याहून निराळे काय करतात, ते मला अद्याप दिसलेले नाही.

अंकगणिताचे २० प्रश्न, २५ गुण. अपूर्णांक, दशांश, लसावि-मसावि, मापे, वेळ, क्षेत्रफळ असे विषय येतात. आपल्या धानाच्या मुलखात ही उदाहरणे कोठून शोधून आणावयास नकोत. सरकारी भरडाईत शंभर किलो धानाला ६७ किलो तांदूळ धरतात. मग चाळीस किलोच्या पोत्याला किती? ज्या घरी आई विड्या वळते, त्या घरी हजारामागे मजुरी ठाऊक असते. आज साडेसातशे झाल्या, पैसे किती? हे गणित मुलाने रोज करावे. त्यात एक जास्तीचा लाभ असा की, आईची मजुरी कोणी कमी मोजली तर ते घरात कळते. पाढे तिसापर्यंत पाठ असावेत. याला पर्याय नाही आणि याचा कंटाळा करू नये.

भाषेचे चार उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न, गुण २५. परीक्षा मराठीतून देता येते. अर्जात इंग्रजी भाषा निवडण्याची जी हौस काही पालकांस असते, ती मुलाच्या जिवावर करू नये. तयारीसाठी वर्तमानपत्रातील एक बातमी मुलाने आजीला वाचून दाखवावी. आजी निरक्षर असली तर फारच चांगले, कारण ती “म्हणजे काय रे बापा?” असे विचारल्यावाचून राहणार नाही, आणि मुलाला ते आपल्या शब्दांत सांगावे लागेल. मग आपण विचारावे, “हे कोठे लिहिले आहे? बोट ठेव.”

परळच्या चाळीतील एका खोलीत सुभेदार रामजी दोन वाजेपर्यंत जागत आणि मग बाबासाहेबांना अभ्यासास उठवीत, ही हकीकत आपण सर्वांनी ऐकली आहे. परंतु रामजी स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते, हे विसरू नका. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असा बाप नाही, आणि दहा वर्षांच्या मुलाला रात्री दोनला उठविण्याची गरजही नाही. रोज एक तास पुरे. पण तो त्याच वेळी, दूरचित्रवाणी बंद करून आणि घरातील एक मोठे माणूस शेजारी बसून. ज्याला वाचता येत नाही त्यानेही बसावे. शेवटच्या तीन महिन्यांत दर रविवारी मागील वर्षाची एक प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून घ्यावी. उत्तरपत्रिकेवर बॉलपेनने वर्तुळे भरावी लागतात आणि भरलेले खोडता येत नाही. जुन्या बिलांच्या पाठीवर वर्तुळे काढून तो सराव द्यावा.

आता कागदपत्रांविषयी, कारण ते काम मुलाचे नव्हे, आपले आहे. अनुसूचित जातींच्या जागा जिल्ह्यातील लोकसंख्येच्या प्रमाणात, परंतु १५ टक्क्यांहून कमी नाही, अशा असतात. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा केवळ हिंदूंना दिला, १९५६ साली शिखांना मिळाला आणि बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने. म्हणजे ही विद्यालये निघाल्यानंतरही पहिली काही वर्षे, ज्याने धर्म बौद्ध लिहिला त्याच्या मुलाला केंद्राच्या या राखीव जागांवर दावा सांगता येत नव्हता. आज येतो. परंतु त्यासाठी प्रमाणपत्र केंद्र शासनाच्या नमुन्यातील हवे आणि त्यावर धर्मांतरापूर्वीची अनुसूचित जात नमूद हवी. नुसते ‘बौद्ध’ पुरत नाही. “जे टाकले ते पुन्हा कागदावर का लिहू?” असा प्रश्न नव्याने दीक्षा घेतलेली माणसे मला विचारतात, आणि त्यांच्या मनातील सल मी जाणतो. माझे उत्तर एवढेच की, धर्माच्या रकान्यात बौद्धच लिहावयाचे आहे. जातीचा उल्लेख ही आपली ओळख नसून आपल्यावर झालेल्या अन्यायाचा तो पुरावा आहे, आणि पुरावा फेकून देऊन कोणी दावा जिंकत नाही.

हे प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी देतात. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो : आजोबांच्या शाळेतील दाखल-खारीज नोंद, कोतवाल पंजीतील जन्माची नोंद, असे काही. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांच्या भावाचा, चुलत्याचा दाखला शोधावा आणि वंशावळ जोडावी. याला महिने लागतात. निवड यादी लागल्यावर धावपळ करणाऱ्याची जागा हातची जाऊ शकते. म्हणून मूल चौथीत असतानाच अर्ज टाका. मुलाचे, बापाचे आणि आजोबाचे नाव सर्व कागदांवर एकाच प्रकारे लिहिले आहे की नाही, तेही आताच पाहा. परीक्षेचा अर्ज ऑनलाइन आणि विनाशुल्क भरता येतो. त्यासाठी मुख्याध्यापकांच्या सहीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. वयाची अट दरवर्षीच्या माहितीपत्रकात तारखांसह दिलेली असते.

यादीत नाव आले नाही तर मुलाला रागावू नका. हीच तयारी शिष्यवृत्ती परीक्षेला उपयोगी पडते. शिवाय नववीच्या रिक्त जागांसाठी आठवीतील मुलांची वेगळी परीक्षा होते. तिचा अर्ज निराळा असतो, आणि मूल आठवीत गेल्याबरोबर त्याची चौकशी सुरू करावी.