आपल्या रंगाचं फाउंडेशन कसं निवडायचं?

मी लग्नात नवरीचा मेकअप करते. आज एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे: फाउंडेशनची शेड. दुकानात पन्नास बाटल्या मांडलेल्या असतात, त्यातली आपली कोणती हे कसं ओळखायचं?

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. 2009 साली इंदूरला माझ्या ताईचं लग्न झालं. मी नुकताच तीन महिन्यांचा कोर्स केला होता, त्यामुळे मेकअप मीच करणार हे घरात ठरलेलं होतं. ताईचा रंग गव्हाळ, थोडा पिवळसर झाक असलेला. मी बाटली उघडली आणि मागून मावशी म्हणाली, "अगं, दोन नंबर उजळच लाव. फोटोत चांगलं दिसतं." मी लावलं. कार्यालयातल्या पिवळ्या दिव्यात छानही दिसलं. पंधरा दिवसांनी फोटो आले. चेहरा राखाडी, त्याच्या दोन्ही बाजूंना गव्हाळ कान, खाली गव्हाळ गळा. ताई म्हणाली, "छान आलेत," आणि अल्बम कपाटाच्या वरच्या फळीवर गेला. गेल्या वर्षी तिच्या चौदा वर्षांच्या लेकीनं तो काढला आणि विचारलं, "आई, तुझ्या चेहऱ्याला काय लावलं होतं गं?" ताई हसली. मला काही हसता आलं नाही.

तर असं का झालं, ते आधी समजून घेऊ. फाउंडेशनच्या बाटलीत रंग मुख्यतः चारच असतात. पांढरा म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, आणि पिवळा, लाल, काळा हे तीन आयर्न ऑक्साइड, म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड. यांचं प्रमाण बदलून सगळ्या शेड्स तयार होतात. शेड जितकी उजळ, तितका तिच्यात पांढरा जास्त. हा पांढरा थर गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेवर बसला की खालचा तपकिरी रंग त्यातून डोकावतो आणि दोन्ही मिळून राखेसारखा रंग दिसतो. म्हणजे उजळ शेड लावून आपण उजळ दिसत नाही, आजारी दिसतो.

आता शेड निवडताना दोन गोष्टी बघायच्या. पहिली, रंग किती गडद आहे. यासाठी आपल्या भाषेत शब्द भरपूर आहेत: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळा. दुसरी गोष्ट म्हणजे त्या रंगाखालची झाक. तिला अंडरटोन म्हणतात. आपली आजी "पिवळसर गोरी" किंवा "तांबूस गोरी" म्हणायची ना, ती हीच. झाक पिवळी-सोनेरी असेल तर वॉर्म, गुलाबी किंवा लालसर असेल तर कूल, दोन्हींच्या मधली असेल तर न्यूट्रल. काही जणींच्या त्वचेत हिरवट झाक असते, तिला ऑलिव्ह म्हणतात. आपल्याकडे ही पुष्कळ दिसते, पण दुकानात तिची शेड कमी मिळते. उन्हानं रंग गडद होतो आणि पुन्हा उतरतो. झाक मात्र सहसा तीच राहते.

समजा दोघी मैत्रिणी सारख्याच गव्हाळ आहेत. एकीची झाक सोनेरी, दुसरीची लालसर. एकीची बाटली दुसरीला चालणार नाही. सोनेरी झाकेवर गुलाबी शेड लावली तर चेहरा वेगळा चिकटवल्यासारखा दिसतो. "शेड तर बरोबर होती, तरी काहीतरी चुकतंय" असं वाटतं ना, तेव्हा बहुतेक वेळा झाक चुकलेली असते.

झाक ओळखायची कशी? मनगटावरच्या शिरा निळ्या दिसल्या तर कूल, हिरव्या दिसल्या तर वॉर्म, असं तुम्ही ऐकलं असेल. सावळ्या त्वचेवर शिरा नीट दिसतच नाहीत, त्यामुळे त्या खुणेवर विसंबू नका. त्यापेक्षा दिवसा खिडकीपाशी उभ्या राहा, चेहरा धुतलेला असू द्या, आणि हनुवटीखाली एक कोरा पांढरा कागद धरा. पांढऱ्याच्या शेजारी त्वचेतला पिवळेपणा किंवा लालसरपणा उठून दिसतो. कागदही नको असेल तर घरातल्या दोघीतिघींनी शेजारी उभं राहून एकमेकींचे गळे बघा. तुलनेत झाक लगेच कळते.

बाटलीवर अक्षरं असतात. डब्ल्यू म्हणजे वॉर्म, सी म्हणजे कूल, एन म्हणजे न्यूट्रल. पण हा काही सरकारी नियम नाही. मॅक या कंपनीत एनसी शेड सोनेरी झाकेसाठी असते आणि एनडब्ल्यू गुलाबी झाकेसाठी, म्हणजे आपल्या अपेक्षेच्या बरोबर उलट. एका कंपनीतला तुमचा नंबर दुसऱ्या कंपनीत चालेलच असं नाही. म्हणून नंबर पाठ करू नका, लावून बघा.

लावून कुठे बघायचं? आपण सगळ्या काय करतो, हाताच्या पाठीवर थेंब घेतो. हाताला चेहऱ्यापेक्षा वेगळं ऊन लागतं. तो स्कूटरवर भाजतो, भांडी घासतो. त्याचा रंग चेहऱ्याचा रंग नव्हे. जबड्याच्या कडेला, गालापासून मानेकडे उतरणारी एक इंचाची रेघ ओढायची. एक नाही, तीन रेघा. एक तुम्हाला वाटतेय ती शेड, एक तिच्याहून थोडी उजळ, एक थोडी गडद. जी रेघ त्वचेत मिसळून नाहीशी होते ती तुमची. टेस्टरची बाटली थेट चेहऱ्याला लावू नका. कापसाची काडी मागून घ्या आणि तिनं लावा.

मग थांबा. इथेच सगळ्यांची घाई होते. फाउंडेशन वाळताना आणि त्वचेच्या तेलात मिसळताना बऱ्याचदा थोडं गडद होतं. दुकानात लावल्याबरोबर जुळलेली शेड घरी पोचेपर्यंत तांबूस झालेली असते, ती यामुळेच. निदान दहा-पंधरा मिनिटं दुकानात फिरा, लिपस्टिक बघा, चहा पिऊन या. मुंबई, चेन्नईसारख्या घामाच्या शहरात राहत असाल तर तासभर तसंच ठेवून मग निर्णय घ्या.

त्यानंतर दाराबाहेर या. दुकानातले दिवे काही ठिकाणी पिवळे, काही ठिकाणी निळसर पांढरे असतात, आणि दोन्ही फसवतात. दिवसाच्या उजेडात, पण सावलीत उभं राहून छोट्या आरशात बघा. फोनच्या कॅमेऱ्यावर विश्वास ठेवू नका, तो न विचारता चेहरा उजळ करतो. रात्रीच्या रिसेप्शनसाठी घेत असाल तर मात्र फ्लॅश लावून एक फोटो जरूर काढा. सनस्क्रीन असलेली काही फाउंडेशन्स फ्लॅशमध्ये पांढरी चमकतात.

आता एक प्रश्न मला दर आठवड्याला येतो: "माझा चेहराच दोन रंगांचा आहे, मी काय करू?" कपाळ आणि ओठांभोवतीचा भाग काळसर, गाल थोडे उजळ, कुणाला बाळंतपणानंतर गालावर वांग. असे चेहरे आपल्याकडे भरपूर आहेत, यात लाजण्यासारखं काही नाही. शेड गळ्याशी आणि जबड्याशी जुळवायची. काळसर भागावर उजळ फाउंडेशनचे थर चढवले तर पुन्हा तीच राख. तिथे आधी नारिंगी किंवा पीच रंगाचा करेक्टर अगदी पातळ लावायचा, मग नेहमीची शेड. वांग हा डाग वाढत असेल तर तो मेकअपचा विषय नाही, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

लग्न ठरलेल्या मुलींसाठी एक खास सूचना. शेडची ट्रायल हळदीच्या आधी करा, बरीच आधी. हळद लागल्यावर गळा आणि हात एक-दोन दिवस पिवळे राहतात. त्या पिवळ्याशी जुळवून घेतलेली बाटली नंतर कुठल्याच दिवशी तुमची नसते. आणि लग्न मे महिन्यात असेल, ट्रायल जानेवारीत झाली असेल, तर मधल्या उन्हात रंग बदललेला असतो. म्हणून एकाच झाकेच्या दोन शेड्स, एक थोडी उजळ आणि एक थोडी गडद, अशा छोट्या बाटल्या घेतल्या तर मिसळून वर्षभर काम भागतं. घरात चुकीची उजळ बाटली पडून असेल तर तीही फेकू नका. त्याच झाकेची गडद शेड आणून तिच्यात मिसळा.

शेवटी थोडं दुकानाबद्दल. पूर्वी आपल्यासाठी शेड्सच नव्हत्या. असल्या तर उजळ बाजूला भरपूर आणि गडद बाजूला दोन-तीन. 2017 साली गायिका रिहानाच्या फेंटी ब्यूटीनं एकदम चाळीस शेड्स बाजारात आणल्या, आणि त्यानंतर बाकीच्या कंपन्यांवरही दबाव आला. आपल्याकडे 1975 पासून विकल्या जाणाऱ्या फेअर अँड लव्हलीच्या नावातला "फेअर" 2020 मध्ये गेला. नाव बदललं, पण मावशीचं वाक्य अजून बदललेलं नाही. गेल्याच महिन्यात एका नवरीची आई माझ्या कानात कुजबुजली, "थोडं उजळ करा हं." मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मुलीच्या एका जबड्याला त्यांना हवी ती शेड लावली, दुसऱ्याला तिची. दोघींना खिडकीपाशी नेलं. आईंनीच बोट दाखवून दुसरी बाजू निवडली. तुम्हालाही घरात असं कुणी म्हणालं तर भांडू नका, दोन रेघा ओढून दाखवा.

मागच्या दिवाळीत मी ताईला दुकानात घेऊन गेले. विक्रेत्या मुलीनं सवयीनं आधी उजळ बाटली काढली, "मॅडम, यात ग्लो येईल." मी तिला सोनेरी झाकेच्या तीन शेड्स मागितल्या. ताईच्या जबड्यावर तीन रेघा ओढल्या, दहा मिनिटं तिला बांगड्यांच्या काउंटरवर फिरवलं आणि दाराबाहेर उन्हाच्या कडेला उभं केलं. तिनं आरसा हातात घेतला, मान इकडे तिकडे वळवली आणि म्हणाली, "अगं, दोनच दिसतायत. मधली कुठे लावलीस?"

मधलीच घेतली.

तुम्हीही करून बघा. कागद, तीन रेघा, दहा मिनिटं आणि दाराबाहेरचा उजेड, एवढंच लक्षात ठेवा.