शिवछत्रपतींचा रुपया का नाही?

(केळवे येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



शिवराज्याभिषेकाचा विषय निघाला की श्रोत्यांतून एक प्रश्न हमखास येतो. ६ जून १६७४ रोजी महाराज छत्रपती झाले, सोन्याचा होन पाडला, तांब्याची शिवराई पाडली. मग चांदीचा रुपया कुठे आहे? महाराजांच्या नावाचे, सर्व अभ्यासकांनी मान्य केलेले असे चांदीचे नाणे आजवर पुढे आलेले नाही. ‘स्वराज्यात चांदीच नव्हती’ हे त्यावरचे नेहमीचे उत्तर मला पटत नाही. १६६४ आणि १६७० साली सुरतेहून काय आले, हे शाळकरी मुलेही सांगतील.

चांदी होती, पण तिचा ओघ नव्हता. आपल्या देशात चांदी पिकते थोडी. ती समुद्रमार्गे येई आणि पश्चिम किनाऱ्यावर तिचा मोठा वाटा सुरतेस, म्हणजे मोगलांच्या मुलखात उतरे. टांकसाळ एका स्वारीच्या धनावर चालत नाही. तिला वर्षानुवर्षे धातू लागतो.

शिवाय दक्षिणेची रीत वेगळी होती. विजयनगरच्या काळापासून येथे मोठा हिशेब होनांत होई, किरकोळ देवघेव तांब्यात. ठरावीक वजनाचा रुपया शेरशहाने उत्तरेत रूढ केला आणि मोगलांनी तो देशभर नेला. महाराजांनी नेमकी दक्षिणेची दोन टोके धरली: सुमारे पावणेतीन ग्रॅमचा होन आणि अकरा-बारा ग्रॅमची शिवराई. दोन्हींवर देवनागरीत एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. भोवतालच्या सुलतानी आणि मोगली नाण्यांवर फारसी असताना ही अक्षरे उमटली, हे विसरता कामा नये. मधल्या व्यवहाराला मोगली रुपये होते, कोकणात लारी होती. लारी म्हणजे दुमडलेल्या चांदीच्या तारेवर ठसा मारलेले, केसातल्या आकड्यासारखे दिसणारे नाणे.

महाराजांची चलनविषयक दृष्टी मात्र एका वाटाघाटीत स्वच्छ दिसते. राज्याभिषेकप्रसंगी कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर होता. मुंबईत इंग्रजांनी नुकतीच टांकसाळ घातली होती आणि आपली नाणी स्वराज्यात चालावीत, असे कलम त्यांना तहात हवे होते. महाराजांनी ते मान्य केले नाही. त्यांच्या उत्तराचा आशय असा: कोणत्याही नाण्यास आम्ही बंदी करीत नाही, मात्र ज्यात प्रजेचा तोटा, ते नाणे घेण्याची सक्ती करणार नाही. तुमचे नाणे मोगलांच्या नाण्याइतके कसदार असेल तर ते चालेल. नव्या सिंहासनावर बसलेला राजा हुकमाने नाणे चालवू पाहत नाही, कस पाहा म्हणतो!

पुढचा इतिहास थोडा अडचणीचा आहे, पण तोही सांगितला पाहिजे. १७३९ च्या आरंभी चिमाजीअप्पांच्या मोहिमेत हा केळवे-माहीमचा टापू पोर्तुगीजांकडून सुटला, मराठी राज्य अटकेपर्यंत पोहोचले. तरी पेशवाईत मराठी टांकसाळींतून निघालेल्या बहुतेक रुपयांवर नाव दिल्लीच्या बादशहाचेच राहिले. हे लाचारीमुळे घडले, असे म्हणणे सोपे आहे. सराफ ओळखीच्या ठशाला कमी बट्टा लावी, अनोळखी रुपयाला जास्त; आणि बट्ट्याचा भुर्दंड शेवटी शेतकऱ्यावर पडे. तांब्याच्या पैशाला ही अडचण नव्हती. म्हणूनच ‘छत्रपति’ हा शब्द बाजारात राहिला तो शिवराईवर, आणि मराठी राज्य गेल्यावरही अनेक दशके राहिला.

जाता जाता एक विनंती. आपल्यापैकी कोणाच्या देव्हाऱ्यात जुनी शिवराई असेल, तर ती चिंचेने घासू नका. ‘शिव’ की ‘सिव’, ‘छत्रपति’ की ‘छत्रपती’, या ऱ्हस्वदीर्घांच्या आणि वळणांच्या फरकांवरून अभ्यासक तिचा काळ लावतात, आणि घासण्यात पहिली जातात ती वेलांटीच. खणताना नाणी सापडली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, हेही लक्षात असू द्या.