धानाची पाने गुंडाळणारी अळी

चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांध्यांत धानाची पाने उभी गुंडाळलेली आणि त्यांवर पांढरे पट्टे दिसले, तर पाने गुंडाळणारी अळी आली समजा. धाग्याने पानाच्या कडा जोडून ती आत बसते आणि हिरवा भाग खरवडून खाते. झाडांच्या सावलीत आणि युरिया जास्त पडलेल्या धानात ती फार वाढते. म्हणून नत्र हप्त्याहप्त्याने द्या. बांधीत पाणी असताना पिकावरून दोर ओढा. अळ्या पाण्यात पडल्या की पाणी काढून टाका. या अळीचे पतंग दिसताच मित्रकीटकांची ट्रायकोकार्डे लावा. चुडामागे २ गुंडाळलेली पाने दिसेपर्यंत फवारणी नको. घाईने फवारले तर मित्रकीटकच मरतात. अधिक सल्ला सिंदेवाहीच्या विभागीय कृषी संशोधन केंद्रात मिळेल.