दुधाचे दात पडणारच, मग जपायचे कशाला?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



बैठक म्हटली की बचत, हप्ता, कर्जफेड हे विषय असतातच. आज त्यातली दहा मिनिटं मी मुलांच्या दातांसाठी मागून घेतली आहेत. लेकराचा दात काळा पडला की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "दुधाचाच दात आहे, पडणारच आहे. दवाखाना कशाला?" या एका वाक्यापायी मुलांचं काय नुकसान होतं, तेवढंच आज सांगते.

दुधाचे दात वीस असतात. पहिला साधारण सहाव्या महिन्यात दिसतो, अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. ते पडतात हे खरं, पण एकदम पडत नाहीत. पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात. मागच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. म्हणजे चार वर्षांच्या मुलाची दाढ किडली, तर तिच्यावर त्याला अजून सहा-सात वर्षं भाकरी चावायची आहे. दाढ दुखते म्हणून मूल एका बाजूने खातं, कमी खातं, रात्री झोपत नाही. आपण म्हणतो, "जेवणाची नाटकं करतंय."

दुसरं म्हणजे, दुधाचा दात पक्क्या दाताची जागा धरून ठेवतो. आपण एसटीत रुमाल टाकून जागा धरतो ना, तसंच. रुमाल उचलला गेला की शेजारचा सरकून बसतो. दाढ वेळेआधी गेली की मागची दाढ पुढे सरकते, जागा कमी होते, आणि पक्का दात वाकडा येतो किंवा आतच अडकतो.

आता ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. वर-खाली, दोन्ही बाजूंना मिळून अशा चार. त्यांच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून आयांना त्या दुधाच्याच वाटतात. पण त्या पक्क्या दाढा असतात. त्या किडून गेल्या की परत येत नाहीत. घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल, तर आज उजेडात त्याचं तोंड उघडून बघा.

दात किडतो कसा? आपण 'कीड' म्हणतो म्हणून दातात अळी असते असं वाटतं. जत्रेत, बाजारात दातातली कीड काढून दाखवणारे भेटतात. ती हातचलाखी आहे, पैसे देऊ नका. तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. बिस्कीट, साखर, चॉकलेट खाल्लं की ते जंतू आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात हळूहळू विरघळतो. लाळ हे आम्ल धुऊन काढते, पण तिला वेळ लागतो. मूल दर अर्ध्या तासाला काहीतरी चघळत असेल, तर लाळेला सवडच मिळत नाही. म्हणून गोड किती खाल्लं एवढंच नाही, दिवसातून किती वेळा खाल्लं, तेही बघायचं.

शेतात जाताना रडणाऱ्या लेकराच्या हातात पाच रुपयांचा पुडा द्यावा लागतो, हे मला माहीत आहे. त्यात आईला बोल लावायचा नाही. पण पुडा दिवसभर हातात ठेवू नका, जेवणाबरोबर द्या. मधल्या वेळेला भाकरीचा तुकडा, काकडी, पेरू, उकडलेलं अंडं द्या. साखरेच्या दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवू नका. झोपेत लाळ कमी सुटते, आणि वरचे पुढचे दात आधी किडतात. अंगावरचं दूध मात्र बंद करायचं नाही.

पहिला दात आला की घासायला सुरुवात करा. सकाळी एकदा आणि रात्री झोपताना एकदा. फ्लोराइडची पेस्ट घ्या. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे डॉक्टरांना विचारून वापरा. सात वर्षांपर्यंत घासून देणारा हात मोठ्या माणसाचा हवा. आणि मुलांच्या दातांना मिश्री कधीच लावू नका. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, तिने कीड जात नाही, व्यसन मात्र लागतं.

हिरडीजवळ दातावर खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची सुरुवात असू शकते. तेव्हाच दाखवलं तर दात वाचतो. छोटा खड्डा असेल तर भरता येतो. गाल सुजला, ताप आला, तर लवंग-तंबाखू दाबत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत असते आणि त्यात दातही येतात. पथकाने चिठ्ठी दिली की ती डब्यात ठेवू नका, लेकराला घेऊन जा.

जाताना गटांना तीन कामं सांगते. पथकाची तारीख अंगणवाडी ताईंकडून घेऊन बैठकीच्या वहीत लिहा. ज्या मुलाला चिठ्ठी मिळाली, त्याला नेलं का, हे पुढच्या बैठकीत विचारा, आणि गाडीभाड्याला अडत असेल तर अंतर्गत कर्जातून द्या. ज्या ताई दुकान चालवतात, त्यांनी बरणीतल्या गोळ्यांशेजारी फुटाणे, केळीही ठेवावीत. फुटाणे मात्र चार वर्षांच्या आतल्या लेकराला देऊ नका, घशात अडकतात.

हप्ता वेळेवर भरायची शिस्त आपण गटात लावलीच आहे. तीच शिस्त रात्रीच्या दात घासण्याला लावू या.